अक्कांना न पटलेले नायक

माझ्या कादंबरीतल्या दोन चंद्रांबद्दल अक्कांनी कधी तक्रार केली नाही. बर्फाखालचं शहर, माणसाचं बोलणं समजणारे पंप, पाऊणशे वर्षं झोपून ताजेतवाने उठलेले प्रवासी, हे सगळं त्यांनी भाजीवाल्याने वर टाकलेल्या कोथिंबिरीसारखं सहज पिशवीत घेतलं. त्या अडायच्या एकाच ठिकाणी. माझी नायिका कोणाच्या प्रेमात पडली, की रविवारी सकाळी अक्कांचा फोन ठरलेला.

अक्का म्हणजे माझी थोरली नणंद. धुळ्याला देवपुरात एकट्या राहतात. लग्नानंतर दोन वर्षांतच नवरा गेला, तेव्हा त्यांनी भडगावला माहेरी बसून राहण्याऐवजी नर्सिंगला नाव घातलं आणि पुढे आयुष्यभर दवाखान्यात नोकरी करून सिस्टर म्हणूनच निवृत्त झाल्या. मी जळगावला अकरावी-बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवते आणि उरलेल्या वेळात विज्ञान कादंबरी लिहिते. एकाच नायिकेच्या गोष्टीचे भाग आहेत ते. आमच्या घरात माझ्या लिहिण्याकडे जुन्या दम्यासारखं बघतात. आहे, अधूनमधून त्रास होतो, पण जीवाला धोका नाही. माझा नवरा पहिल्या भागाच्या विसाव्या पानापर्यंत पोचला होता आणि तिथेच त्याने खूण म्हणून विजेचं बिल ठेवलं होतं. तेव्हा माझी खरी वाचक म्हणजे अक्का.

नायिका पाण्याची इंजिनिअर. एका चंद्राच्या पोटात वसवलेल्या शहराला पाणी पुरवते. पहिल्या भागात तिचं एका वैमानिकाशी जमतं. उंच, अबोल, डोळे निळे. अक्कांनी विचारलं, निळे कशाला? मी म्हटलं, परग्रहावरचा आहे. त्या म्हणाल्या, असू दे, पण तो बोलत का नाही? अबोल माणूस दोन प्रकारचा असतो, एक ज्याच्या मनात खूप असतं आणि दुसरा ज्याच्या मनात काहीच नसतं. तुझा दुसऱ्यातला वाटतो.

दुसऱ्या भागात मी वैमानिकाला उल्कांच्या वादळात हरवलं आणि एक शास्त्रज्ञ आणला. तो आधी शत्रू असतो, शहराची हवा बंद करतो, मग पश्चात्ताप पावतो आणि नायिका त्याला अकरा पानांत माफ करून त्याच्या मिठीत जाते. ही अकरा पानं लिहिताना मी स्वतः रडले होते. अक्का फोनवर म्हणाल्या, "आपल्या गल्लीत एकाने शेजाऱ्याची पाण्याची लाइन तोडली होती. सोळा वर्षं झाली, दोघं एकमेकांच्या लग्नकार्याला जात नाहीत. आणि हिने हवा तोडणाऱ्याशी संसार मांडला?"

तिसऱ्या भागातला जोडीदार अर्धा यंत्र होता. तो त्यांना त्यातल्या त्यात बरा वाटला. चार्जिंगला लावला की निदान गप्प बसतो, एवढंच त्या म्हणाल्या.

मला राग यायचा, नाही असं नाही. मी मनात म्हणायचे, तेविसाव्या वर्षी विधवा झालेल्या आणि सारी हयात इंजेक्शनं देण्यात घालवलेल्या बाईला प्रेमातलं काय कळणार? हे मी त्यांना कधी बोलून दाखवलं नाही याचा आज फार आनंद आहे.

चौथ्या भागाचं लिखाण चालू असताना अक्कांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत होता. आधी उजवा करायचा, महिनाभराने डावा. भाऊबीज झाली की मी धुळ्याला यायचं, दिवाळीची सुट्टी संपेपर्यंत राहायचं, असं मीच जाहीर केलं. दिवसातून सहा वेळा थेंब कोण घालणार, वाकायचं नाही म्हटल्यावर केर कोण काढणार, धूर लागू द्यायचा नाही तर भाकरी कोण टाकणार? मी एका पिशवीत भरताची वांगी घेतली, दुसऱ्या पिशवीत चौथ्या भागाचं बाड घेतलं आणि पारोळ्यामार्गे धुळ्याला पोचले. वाचायला बंदी असल्यामुळे अक्कांना ऐकावंच लागणार होतं. इतका हातात सापडलेला वाचक मला पुन्हा मिळाला नसता.

पोचले तेव्हा उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं होतं आणि दारावर आतल्या बाजूने खडूने मोठ्या अक्षरांत थेंबांच्या वेळा लिहिलेल्या होत्या. अक्षर अक्कांचं नव्हतं. ते शेजारच्या आबांचं होतं. आबा बस डेपोच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. बायको जाऊन पुष्कळ वर्षं झालेली, मुलगा सुरतेला. रोज सकाळी स्वतःसाठी दूध आणायला जातात तेव्हा अक्कांचंही आणतात. सगळी गल्ली अक्कांना सिस्टर म्हणते, तसे तेही सिस्टरच म्हणतात. मी याला शेजारधर्म म्हटलं आणि कामाला लागले.

दुपारी चहा झाला की ओट्यावर आमचं वाचन चालायचं. अक्का काळा गॉगल लावून खुर्चीत बसायच्या. आबा पायरीवर बसून काहीतरी उघडून ठेवायचे, कधी मिक्सर, कधी इस्त्री. ऐकत नसल्याचा त्यांचा आव होता. पण दुसऱ्याच दिवशी यानाचा दरवाजा अडकतो तो प्रसंग आला आणि पायरीवरून आवाज आला, रबर गेलं असेल. मी थांबले. आबा खाली मान घालून म्हणाले, तुम्ही वाचा ताई, मी इस्त्रीबद्दल बोललो. इस्त्रीला रबर नसतं हे मलाही माहीत होतं.

तिसऱ्या दिवशी मी माझा हुकमी अध्याय काढला. मुख्य पंप बंद पडला आहे, नायिका तीन दिवस एकटी खाली उतरून तो दुरुस्त करते आहे, आणि मेलेला समजलेला वैमानिक परत येतो. तो तिला ताऱ्याच्या राखेतून घडलेला स्फटिक देतो आणि सबंध दीड पान बोलतो. पहिल्या भागात तो अबोल होता म्हणून अक्कांनी टोकलं होतं, ते मी असं भरून काढलं होतं. दीड पान संपवून मी वर पाहिलं. गॉगलमुळे अक्कांचा चेहरा कळत नव्हता. आबांनी हातातला स्क्रू बशीत ठेवला आणि आपल्या अहिराणीत विचारलं, "ती जेवनी का?"

मी म्हटलं, कोण?

"तीच. तीन दिन झाये ना. हाऊ बठ्ठं बोलस, पन तिले जेवनं का म्हनी इचारस नही."

दीड पान बोलणाऱ्या माझ्या वैमानिकाने तिला जेवलीस का, एवढं विचारलं नव्हतं. अक्कांना हसू आवरेना. डॉक्टरांनी जोरात हसू नका, शिंकू नका असं बजावलं होतं, म्हणून त्या तोंडावर पदर दाबून हलत होत्या. मी बाड मिटलं आणि भाकरीचं पीठ मळायला आत गेले. इतकं पीठ त्या दिवशी लागणार नव्हतं.

आता मागे वळून सांगते, तर त्या आठ-दहा दिवसांत मी पुष्कळ काही डोळ्यांनी पाहिलं होतं. अक्कांच्या कपाटात दोन चष्मे होते आणि त्यातला एक पुरुषी होता. अक्का स्वतः गोड चहा पितात, तरी पातेल्यात साखर घालायच्या आधी त्या एक कप बाजूला काढून घ्यायच्या. आबा घरात येताना कधी हाक मारत नसत, फक्त फाटकाची कडी दोनदा वाजायची. मी थेंब घालायला उठायचे तेव्हा बहुतेक वेळा बाटली आधीच फ्रिजमधून निघून टेबलावर ठेवलेली असायची. एवढं सगळं पाहून मी काय केलं, तर वहीत टिपण केलं: नायिकेच्या आणि वैमानिकाच्या पुनर्भेटीत विजेचा कडकडाट वाढवावा.

रविवारी माझा नवरा धुळ्याला आला, बहिणीला बघायला. आबांनी त्यांच्या अंगणात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली, म्हणजे धूर तिकडेच राहील. मी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी केल्या. चौघं जेवलो. जेवणात बोलणं सगळं केळीच्या भावाचं आणि रस्त्याच्या कामाचं झालं. जेवून मी नवऱ्याला बसस्टँडवर सोडायला निघाले, तर रिक्षात बसल्या बसल्या त्याने विचारलं, अक्कांचं आणि आबांचं कधीपासून आहे?

मी म्हटलं, काय कधीपासून आहे?

मग त्याने सांगितलं की आबांनी जेवायला बसताना अक्कांचं ताट अर्धं फिरवलं. भरीत उजवीकडे होतं, ते डावीकडे आणलं, कारण उजव्या डोळ्याने अजून नीट दिसत नाही. आणि अक्कांनी ताट फिरवलं गेलंय हे पाहिलंसुद्धा नाही, सरळ डावीकडे हात घातला. "सवय असल्याशिवाय असा हात जात नाही," तो म्हणाला.

ज्या माणसाच्या विसाव्या पानात विजेचं बिल अडकलेलं आहे, त्याला पाऊण तासात जे दिसलं, ते मला आठ दिवसांत दिसलं नव्हतं. मी रिक्षावाल्याला उगाचच सावकाश चालवायला सांगितलं.

घरी आले तेव्हा अक्का पलंगावर पडून रेडिओ ऐकत होत्या. मी चार वाजताचे थेंब घालायला घेतले आणि थेंबासाठी त्यांची पापणी धरलेली असतानाच विचारलं. दुसरी कुठली वेळ असती तर त्या उठून गेल्या असत्या.

त्या आढेवेढे न घेता बोलल्या. आबांच्या बायकोच्या शेवटच्या आजारात ड्रेसिंग करायला त्याच जायच्या. ती गेल्यावर पाच-सहा वर्षं नुसतं दूध आणि नमस्कार. मग एकदा आबांनी सरळ विचारलं, आपण लग्न करू या का. अक्का नाही म्हणाल्या. त्यांना आबा नको होते असं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या घराची किल्ली स्वतःच्या कमरेला होती, ती त्यांना आणखी कोणाच्या खुंटीला टांगायची नव्हती.

"मला वाटलं, आता हा माणूस फिरकणार नाही," अक्का म्हणाल्या. "पुरुषाला नाही म्हटलं की तो एक तर रुसतो, नाही तर मागे लागतो. दवाखान्यात दोन्ही पाहिले होते मी. हे दुसऱ्या दिवशी आले. दूध दिलं. म्हणाले, सिस्टर, गॅसची नळी जुनी झाली आहे, बदलून टाकतो. आणि बदलून गेले."

मग?

"मग काय. तेव्हापासून आहे." डोळे मिटलेलेच होते त्यांचे. "तुझ्या चार भागांत एक तरी गडी आहे का, जो नाही ऐकून दुसऱ्या दिवशी दूध घेऊन आला?"

माझ्या चार भागांत नकार ऐकून एकाने आत्मघाताची धमकी दिली होती आणि एकाने ग्रह उडवला होता. मी थेंबाच्या बाटलीचं झाकण लावलं.

यानंतर खरं तर माझ्या नवऱ्याने गप्प बसायला हवं होतं. ओळखण्यात तो हुशार निघाला, पण ओळखल्यावर त्याच्यातला भाऊ जागा झाला. पुढच्याच रविवारी तो पुन्हा धुळ्याला आला, इस्त्रीचा शर्ट घालून, आणि थेट आबांच्या अंगणात जाऊन बसला. मी खिडकीतून ऐकत होते. छप्पन्न वर्षांचा माझा नवरा सत्तरीला टेकलेल्या माणसाला विचारत होता की तुमचा पुढचा विचार काय आहे. लोक बोलतात, घराला एक रीत असते, वगैरे. आबांनी त्याला पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, भाऊ, हे तुम्ही सिस्टरला विचारा, त्यांच्या घरचा विचार त्या करतात. तेवढ्यात अक्का गॉगल लावून फाटकाशी आल्याच. त्यांनी भावाला एवढंच विचारलं की गेली चाळीस वर्षं त्या एकट्या कशा राहतात हे विचारायला तो किती वेळा इस्त्रीचा शर्ट घालून आला होता.

नवरा पुढच्या बसने एकटाच परत गेला. एरंडोल आलं तेव्हा मला फोन करून म्हणाला, तिचं बरोबर आहे. त्यानंतर तो दर पंधरवड्याला धुळ्याला जातो आणि साधा शर्ट घालून जातो.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन डिसेंबरात झालं. मी दोन दिवसांची रजा काढून गेले. आबा दवाखान्यात आधीच पोचले होते, कानटोपी घालून. खिडकीतली मुलगी कागद भरत होती. सोबत कोण आहे म्हणून तिने विचारलं. आबा पुढे झाले. पेशंटचे कोण, असं तिने विचारल्यावर मात्र ते थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी फिजिक्सची बाई, मला या नात्याचं नाव कुठून येणार? शेजारी म्हणावं तर खोटं आणि दुसरं काही म्हणावं तर तेही खोटं. मुलीने पेन वर धरून ठेवलं होतं आणि मागे रांग होती.

अक्का बाकावर बसल्या होत्या. त्या बसल्या जागेवरून म्हणाल्या, "लिही बाळा, घरचे."

मुलीने लिहिलं. आबांनी सही केली. सही करताना त्यांचा हात कागदावर नेहमीपेक्षा जास्त वेळ राहिला, असं मला वाटलं, पण मी माझ्या निरीक्षणशक्तीवर आता फार विश्वास ठेवत नाही.

जळगावला परत आल्यावर मी चौथ्या भागातून वैमानिकाला काढून टाकलं. तो मेलेलाच राहू दिला. त्याच्या जागी पंपघरातला एक मेकॅनिक आणला, वयस्क, जाड भिंगांचा चष्मा लावणारा. तो नायिकेला काही देत नाही, तिच्या हातातला पाना न मागता बदलतो आणि तिसऱ्या दिवशी खाली डबा घेऊन उतरतो. प्रकाशकांनी फोनवर काळजीने विचारलं की वैमानिकाचं काही करता येणार नाही का, मुखपृष्ठ तयार झालं आहे. मी नाही म्हटलं. त्यांनी मुखपृष्ठ बदललं नाही. त्यामुळे आजही त्या पुस्तकावर आत कुठेच नसलेला निळ्या डोळ्यांचा एक देखणा माणूस उभा आहे.

पुस्तक निघालं तेव्हा जळगावातल्या एका वाचनालयाने छोटा कार्यक्रम ठेवला. पन्नासेक माणसं होती, बरीचशी माझ्याच कॉलेजची. अक्का आणि आबा धुळ्याहून सकाळच्या बसने आले आणि मागच्या रांगेत बसले. मी पंपघरातला अध्याय वाचला. प्रश्न विचारा म्हटल्यावर बी.एस्सी.च्या वर्गातली वाटावी अशी एक मुलगी उभी राहिली. तिने चारही भाग वाचले होते. ती म्हणाली, मॅडम, शास्त्रज्ञाशी तिचं जमतं ते पटतं, अर्ध्या यंत्राशीसुद्धा पटतं, पण या मेकॅनिकशी जमतं हे काही पटत नाही. इतकी मोठी इंजिनिअर, आणि हा माणूस तिला एकदाही प्रेमाचं बोलत नाही. अशी माणसं असतात का?

माझ्या सगळ्या लिखाणात जिवंत माणसांवरून उचललेली ही एकच जोडी होती. मी मागच्या रांगेकडे पाहिलं. आबा हनुवटी छातीला लावून गाढ झोपले होते. वाचनाच्या दुसऱ्या पानापासून झोपले असावेत. अक्कांनी हात वर केला होता. आयोजकांपैकी कोणीतरी त्यांच्याकडे माईक नेऊन दिला.

मला वाटलं, आता अक्का माझी बाजू घेणार. शेवटी हा नायक त्यांचाच होता.

"मुलगी बरोबर बोलते आहे," अक्का म्हणाल्या. "मलाही पटलं नव्हतं. सहा वर्षं लागली पटायला."

सभागृहात लोक हसले, त्यांना वाटलं म्हाताऱ्या बाई पुस्तकाबद्दल बोलत आहेत. त्या मुलीने वळून विचारलं, सहा वर्षं म्हणजे? अक्का म्हणाल्या, म्हणजे काही नाही, आणि माईक परत दिला. पण खाली बसता बसता त्यांनी माझ्याकडे बघून आणखी एक तक्रार केलीच. हा मेकॅनिक तू फार गुणी केला आहेस, याला थोडा हट्टी कर, हा भांडत नाही हे खोटं आहे.

घरी जेवताना मी त्यांना भांडणाबद्दल विचारलं. अक्कांनी ते सांगितलं, आबांनी मधे मधे दुरुस्त्या केल्या. कूलर उन्हाळा संपल्यावर कधी झाकायचा यावरून दोघं पाच दिवस बोलले नव्हते. दूध येत होतं, पण फाटकावर टांगलेलं. कोण आधी बोललं यावर तर जेवणाच्या ताटावर पुन्हा वाद झाला, आणि माझा नवरा, ज्याचं त्यात काहीही काम नव्हतं, आबांच्या बाजूने बोलू लागला. मी शेजारच्या खोलीतून वही आणली. दोघं इतक्या जोरात बोलत होते की मला कोणाचं आधी लिहावं ते कळेना, म्हणून मी दोन रकाने आखले.